तनख वाचायला बसताना : टीकेच्या आधी प्रश्न

ज्यू लोकांचा प्राचीन धर्मग्रंथ मी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा कादंबरी वाचावी तसा पहिल्या पानापासून वाचत सुटलो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातल्या कथा भराभर संपल्या, मिसर देशातून झालेल्या सुटकेची हकीकतही ओढीने वाचली. पुढे मात्र निवासमंडपाच्या, म्हणजे तंबूवजा देवालयाच्या, फळ्या, कड्या आणि पडदे यांची मोजमापे सुरू झाली, त्यापाठोपाठ लेवीय या पुस्तकातले बलिदानाचे विधी आले, आणि पुस्तक जे मिटले ते वर्षभर उघडले नाही. दोष ग्रंथाचा नव्हता, माझ्या रीतीचा होता. ज्यांचा हा ग्रंथ आहे ते तो असा सलग वाचून संपवत नाहीत. ते एक उतारा घेतात, त्यात कुठेतरी अडतात आणि जिथे अडले तिथेच बसून वाद घालतात. हे अडणे शिकावे लागते. हिब्रू न येणाऱ्या मराठी वाचकाला ते घरबसल्या कसे शिकता येईल, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी नकाशा समजून घ्या

या ग्रंथाला ज्यू परंपरा ‘तनख’ म्हणते. तोरा, नेवीइम आणि केतुवीम या तीन भागांच्या आद्याक्षरांतून हे नाव झाले आहे. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके, नेवीइम म्हणजे संदेष्टे, आणि केतुवीम म्हणजे ‘लिखिते’, ज्यांत स्तोत्रे, नीतिसूत्रे, ईयोब, रूथ, एस्तेर, दानीएल असा बराच वेगवेगळा ऐवज आहे. ज्यू मोजणीनुसार ही पुस्तके २४ आहेत. ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात (प्रॉटेस्टंट प्रतीत) तोच मजकूर ३९ पुस्तकांत विभागलेला दिसतो, कारण तिथे शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग केले आहेत, एज्रा व नहेम्या वेगळे काढले आहेत आणि बारा लहान संदेष्ट्यांना बारा पुस्तके धरले आहे.

मोजणीपेक्षा क्रमातला फरक महत्त्वाचा आहे. जुना करार मलाखीच्या भविष्यवाणीने संपतो आणि वाचकाला पुढच्या कराराच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. तनख मात्र इतिहास या पुस्तकाने संपतो, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यात पारसाचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना यरुशलेमला परत जाण्याची मोकळीक देतो. मजकूर तोच असला तरी शेवट कुठे केला यावरून अर्थ फिरतो. ‘जुना करार’ हे नावही ख्रिस्ती दृष्टीतून आलेले आहे. ज्यू वाचकाच्या लेखी यात जुने पडलेले काही नाही, म्हणून या अभ्यासात ‘तनख’ किंवा ‘हिब्रू बायबल’ म्हणणे सयुक्तिक.

संदर्भ शोधताना आणखी एक गोष्ट आडवी येते. स्तोत्रांच्या हिब्रू आवृत्त्यांत मथळ्यालाच बहुधा पहिले वचन धरतात, त्यामुळे क्रमांक एकाने पुढे सरकतो; मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय आहेत, तर इतरत्र चार. दिलेले वचन सापडत नसेल तर आधी शेजारची वचने पाहावीत.

प्रत कोणती घ्यावी

मराठी वाचकाने सुरुवात मराठी बायबलपासूनच करावी असे माझे ठाम मत आहे. बायबल सोसायटीची प्रत कुठेही मिळते, आणि तिचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. हिब्रूत देवासाठी मुख्यतः दोन नावे येतात. एक ‘एलोहीम’, आणि दुसरे चार व्यंजनांचे ते नाव, जे ज्यू लोक उच्चारत नाहीत व वाचताना त्याजागी ‘अदोनाय’ म्हणतात. मराठी प्रतीत पहिल्यासाठी साधारणपणे ‘देव’ आणि दुसऱ्यासाठी ‘परमेश्वर’ आलेले दिसते. त्यामुळे हिब्रूचे एक अक्षर न येताही, कोणत्या वाक्यात कोणते नाव आहे हे पेन्सिलीने खूण करून पाहता येते. पुढे याचा उपयोग होणार आहे.

दुसरी प्रत मात्र ज्यू भाषांतरकारांची असावी. इंग्रजी वाचता येत असेल तर ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचे १९१७ सालचे किंवा १९८५ सालचे भाषांतर घ्यावे. सेफारिया या संकेतस्थळावर मूळ हिब्रू, भाषांतरे आणि मुख्य टीका (म्हणजे भाष्ये) मोफत वाचता येतात, आणि एखाद्या वचनावर बोट ठेवले की त्यावर कोण काय म्हणाले ते शेजारी उघडते. ही सोय उत्तम आहे, पण नवशिक्याचे नुकसानही तीच करते; का ते पुढे सांगतो.

मराठी आणि हा ग्रंथ यांचे नाते केवळ मिशनऱ्यांच्या भाषांतरांपुरते नाही. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, मराठीच बोलत आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. १८७४ साली पुण्यात वल्हांडण या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. तेव्हा या वाचनासाठी मराठी अपुरी पडेल ही भीती बाळगू नये.

हिब्रू किती लागते

बोलता येण्याइतकी मुळीच नाही. २२ अक्षरे ओळखणे आणि शब्दाचे मूळ शोधता येणे, एवढ्यावर पहिले वर्ष निघते. संस्कृतात धातू असतो तसे हिब्रूत बहुधा तीन व्यंजनांचे मूळ असते आणि त्याभोवती स्वर व प्रत्यय फिरतात. क-त-ब या मुळापासून ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘मिखताव’ म्हणजे पत्र, ‘केतुबा’ म्हणजे विवाहाचा करारनामा आणि वर आलेले ‘केतुवीम’ हे सगळे निघतात. अरबी ही हिब्रूची भाऊबंद भाषा असल्याने तेच मूळ ‘किताब’ या शब्दातून मराठीतही येऊन बसले आहे.

तोराच्या गुंडाळीत आजही केवळ व्यंजने लिहितात. स्वर नाहीत, विरामचिन्हे नाहीत. स्वरांच्या खुणा साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत मासोरेत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडितांनी बसवल्या, आणि त्यांतली तिबेरियाची पद्धत रूढ झाली. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने संपूर्ण हस्तलिखित, लेनिनग्राड कोडेक्स, साधारण १००८ सालचे आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या त्याहून हजारभर वर्षे जुन्या आहेत. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, ख्रिस्ती परंपरेतून आलेले. म्हणजे आपण छापील पानावर जे पाहतो त्यात व्यंजने हा सर्वांत जुना थर आहे, आणि बाकी पुष्कळसे आधीच कोणीतरी केलेले अर्थनिर्णयन आहे.

काही शब्दांची मात्र छोटी वही करावी. ‘नेफेश’चे भाषांतर ‘आत्मा’ केले की आपल्याकडचे अख्खे वेदान्त त्यात शिरते. मूळ शब्दाचा अर्थ गळा, श्वास, जिवंत देह असा आहे, आणि मराठी ‘जीव’ त्याला फार जवळचा. ‘लेव’ म्हणजे हृदय, पण हिब्रूत माणूस विचारही त्यानेच करतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘मन’ बरोबर बसते.

एक उतारा जवळून

आता प्रत्यक्ष काम. उत्पत्तीचा २२वा अध्याय घ्या, पहिली १९ वचने. देव अब्राहामाला सांगतो की तुझ्या मुलाला, इसहाकाला, मोरिया देशात नेऊन होमबली म्हणून अर्पण कर. अब्राहाम निघतो, वेदीवर मुलाला बांधतो, सुरी उचलतो आणि शेवटच्या क्षणी त्याला थांबवले जाते. ज्यू नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी हा उतारा सभास्थानात वाचतात.

टीका, प्रस्तावना, तळटीपा सगळे मिटून ठेवा. उतारा तीनदा वाचा, त्यांतले एकदा मोठ्याने. मग वहीत तीन गोष्टी उतरवा : कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, काय सांगायचे राहून गेले आहे, आणि कोणता शब्द गरजेपेक्षा जास्त आहे.

पहिल्या रकान्यात अब्राहामाचे ‘हिन्नेनी’ येईल, म्हणजे ‘हा मी इथे आहे’. तो हे तीनदा म्हणतो : एकदा देवाला, एकदा मुलाला, एकदा दूताला. परस्परविरोधी मागणी करणाऱ्या दोघांना तो एकाच शब्दात ओ देतो. ‘दोघे बरोबर चालू लागले’ हे वाक्यही सहाव्या आणि आठव्या वचनात जसेच्या तसे दोनदा आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये बापलेकांचा या प्रसंगातला एकुलता एक संवाद आहे.

दुसऱ्या रकान्यात खूप काही जमेल. तीन दिवसांच्या प्रवासात अब्राहामाच्या मनात काय होते? साराला सांगितले का? आणि १९व्या वचनात अब्राहाम चाकरांकडे परततो, पण इसहाकाचे नावच नाही. तो कुठे गेला? आधीच्याच काही अध्यायांत सदोम नगर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करणारा हा माणूस इथे पोटच्या मुलासाठी एक शब्द बोलत नाही, हेही लिहून ठेवा.

तिसऱ्या रकान्यासाठी दुसरे वचन पाहा. ‘तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो, इसहाक.’ नाव सांगून भागले असते. मग चार वेळा का सांगितले?

आठव्या वचनात भाषांतराचा एक अवघड पेच आहे. ‘होमासाठी कोकरू कुठे आहे?’ या मुलाच्या प्रश्नावर अब्राहाम जे म्हणतो त्याचा शब्दक्रम असा आहे : देव, पाहील, स्वतःसाठी, कोकरू, होमासाठी, माझा-मुलगा. हिब्रूत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द हाक असू शकतो किंवा उत्तरही असू शकते. ‘देव कोकरू पाहील, बाळा’ हा एक अर्थ, आणि ‘होमासाठीचे कोकरू : माझा मुलगा’ हा दुसरा. मराठीला ही संदिग्धता झेपत नाही, कारण ‘मुला’ लिहिले की संबोधन झाले आणि ‘मुलगा’ लिहिले की बाप गुपित फोडून मोकळा झाला. भाषांतरकाराला निवड करावीच लागते. अशा जागी दोन प्रती शेजारी ठेवून वाचण्याचा खरा उपयोग होतो.

मग टीकाकाराकडे जा

सर्वांत आधी राशी. ज्योतिषातल्या राशींशी याचा संबंध नाही. रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) श्लोमो यित्झाकी या नावाची ही आद्याक्षरे आहेत. ते फ्रान्समधल्या त्रोआ गावचे (१०४० ते ११०५), आणि १४७५ साली इटलीत छापलेली त्यांची तोरावरील टीका हे साल नोंदवलेले पहिले छापील हिब्रू पुस्तक मानले जाते. राशी फार थोडक्यात लिहितात आणि मुख्य म्हणजे केवळ उत्तर लिहितात. प्रश्न सांगत नाहीत. म्हणून त्यांच्या प्रत्येक टिपेपाशी विचारायचे : या माणसाला इथे काय खटकले? ज्याने आधी स्वतःची वही भरली नाही त्याला हे कधीच कळत नाही, त्याला ती टीप म्हणजे विनाकारण सांगितलेली गोष्ट वाटते. सेफारियावर लगेच टीका उघडू नये ती यासाठीच.

दुसऱ्या वचनावर राशी जुन्या रब्बींचा एक संवाद देतात. देव म्हणतो, ‘तुझा मुलगा घे.’ अब्राहाम म्हणतो, ‘मला दोन आहेत’ (दुसरा इश्माएल, वेगळ्या आईचा). ‘तुझा एकुलता एक.’ ‘हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा.’ ‘ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो.’ ‘माझी दोघांवर आहे.’ ‘इसहाक.’ तुमच्या तिसऱ्या रकान्यातला प्रश्न तो हाच. त्याखेरीज, मूळ मजकुरात गप्प असलेला अब्राहाम या संवादात बोलू लागला आहे, म्हणजे दुसऱ्या रकान्यातलीही एक पोकळी भरली गेली.

अशा अर्थाला ‘देराश’ म्हणतात आणि वाक्याच्या सरळ, संदर्भाला धरून निघणाऱ्या अर्थाला ‘पेशात’. मध्ययुगात याला ‘रेमेझ’ म्हणजे सूचित अर्थ आणि ‘सोद’ म्हणजे गूढार्थ जोडून चार पातळ्या मोजू लागले. त्यांच्या आद्याक्षरांचा शब्द ‘पर्देस’, म्हणजे फळबाग. नवशिक्याने पहिल्या दोहोंतला भेद नीट समजून घ्यावा आणि बाकीचे दोन सध्या बाजूला ठेवावेत. गूढार्थाची पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत, आणि पेशात न वाचता तिकडे गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

भेद कसा दिसतो ते इसहाकाच्या वयावरून कळेल. जुन्या रब्बींनी ते ३७ धरले, कारण साराला तो ९०व्या वर्षी झाला, ती १२७व्या वर्षी वारली, आणि तिच्या मृत्यूची वार्ता पुढच्याच अध्यायाच्या आरंभी येते. मुलाला वेदीवर नेल्याचे ऐकून तिचा जीव गेला, असा तो धागा. बाराव्या शतकातले स्पेनचे अब्राहाम इब्न एझ्रा हे मानत नाहीत. ३७ वर्षांचा माणूस आपखुशीने बांधून घेत असेल तर मोठेपणा त्याचा सांगायला हवा होता आणि ग्रंथ त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, असे म्हणून ते वय १३च्या आसपास धरतात. दोघेही परंपरेतले, दोघेही एकाच छापील पानावर शेजारी बसतात. कोण बरोबर हे ठरवण्याची घाई नको. कोण कोणत्या पुराव्यावर उभा आहे, ते लिहा.

कायद्याचा भाग वेगळ्या रीतीने

मी जिथे पुस्तक मिटले होते तो भाग कथेसारखा वाचताच येत नाही. तोरातल्या आज्ञा फार त्रोटक आहेत आणि त्यांच्या बरोबरीने मौखिक परंपरा चालत आली, अशी रब्बींची भूमिका आहे. ती मौखिक सामग्री इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना या ग्रंथात बांधली गेली, आणि मिश्नावरच्या पुढच्या काही शतकांच्या चर्चेतून तालमूद झाला. म्हणून निर्गम २१:२४मधले ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वाक्य उचलून ज्यू कायदा सूडाचा आहे, असे जे सर्रास म्हटले जाते ते अर्धवट वाचनाचे फळ आहे. तालमूदाच्या बावा कामा या भागात यावर सविस्तर खल आहे आणि निष्कर्ष पैशाच्या भरपाईचा. त्यातला एक युक्तिवाद असा : आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचे काय काढणार? दुसरा मजकुरावरून : गणना ३५:३१मध्ये खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये असे आहे, त्याअर्थी जिवाखेरीज इतर इजांबद्दल घेता येते.

या युक्तिवादांचे ठरलेले नियम आहेत. रब्बी यिश्माएल यांच्या नावावर तेरा सांगतात. पहिला ‘कल वाहोमेर’, म्हणजे एका ठिकाणी खरे ते दुसऱ्या ठिकाणी अधिकच खरे, जो आपल्या कैमुतिक न्यायाचा सख्खा भाऊ शोभतो. निर्गम ६:१२मध्ये मोशे म्हणतो, इस्राएल लोकच माझे ऐकत नाहीत, मग फारो कुठले ऐकणार? दुसरा नियम समान शब्दांचा : एकच शब्द दोन कायद्यांत आला तर एकाचा तपशील दुसऱ्याला लावता येतो, पण त्याला परंपरेचा आधार हवा, वाटेल त्याने वाटेल ते जोडायचे नाही.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरात तीनदा येते. रब्बींच्या मते तोरा उगीच पुनरुक्ती करत नाही, म्हणून तीन वेळांचे तीन निषेध निघाले : शिजवणे, खाणे आणि त्यातून कोणताही लाभ घेणे. मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा सगळा स्वयंपाकघरी शिरस्ता या वाक्यावर उभा आहे. बेने इस्राएलांच्या घरी मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध पडते, त्याला अडचण नाही, कारण त्या दुधाला आईच नाही.

इतिहासकारांचा प्रश्न

‘देव’ आणि ‘परमेश्वर’ यांच्या पेन्सिलीच्या खुणा आता बाहेर काढा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात फक्त ‘देव’ आहे, तर २:४च्या पुढे ‘परमेश्वर देव’. क्रमही निराळा, आधी वनस्पती व प्राणी की आधी माणूस, हेही निराळे. राशी म्हणतात की एक नाव न्यायाचे आणि दुसरे दयेचे. निव्वळ न्यायावर जग टिकणार नाही म्हणून दयेची जोड दिली. जर्मन अभ्यासक युलिउस वेलहाउझेन यांनी १८७८ साली ज्या सिद्धान्ताला रूप दिले त्यानुसार हे वेगवेगळ्या काळच्या लेखनांचे थर आहेत. आज त्या थरांच्या तपशिलांवर अभ्यासकांचे एकमत नाही, पण मजकूर अनेक हातांचा आहे हे विद्यापीठीय अभ्यासात गृहीत धरले जाते.

ही दोन उत्तरे मिसळू नयेत. वहीत त्यांना वेगळे रकाने द्यावेत. पण प्रश्न आधुनिकांनीच पहिल्यांदा पाहिला असाही समज नको. उत्पत्ती १२:६मध्ये ‘त्या वेळी देशात कनानी होते’ असे वाक्य आहे. मोशेच्या काळी ते तिथेच होते, मग ‘त्या वेळी’ का? इब्न एझ्रा आधी एक साधा खुलासा देतात आणि मग लिहितात की तसे नसेल तर यात एक गुपित आहे आणि ज्याला कळले त्याने गप्प राहावे. पाचशे वर्षांनी, १६७० साली, तत्त्वज्ञ स्पिनोझांनी ते गुपित, म्हणजे हे मोशेचे लेखन नव्हे, उघड बोलून दाखवले.

कवितेबद्दल एकच सूचना. स्तोत्रे आणि संदेष्टे यांत ओळीचे दुसरे अंग पहिल्याचाच अर्थ थोडा वळवून पुन्हा सांगते : ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते, अंतराळ त्याची हस्तकृती दाखवते.’ दोन अंगांत काय बदलले तेवढेच पाहत राहावे.

आठवड्याचा बेत

वर्षभराच्या वाचनासाठी तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत, आणि जगभरातली सभास्थाने दर शनिवारी त्यांतला ठरलेला भाग वाचतात. नवशिक्याने पूर्ण भाग नुसता वाचून जावा आणि त्यातली दहा-पंधरा वचने अभ्यासाला घ्यावीत. दोन दिवस फक्त मजकूर आणि वही, एक दिवस दुसरे भाषांतर, मग राशी, मग राशींशी न पटणारा एखादा. शक्य असेल तर जोडीदार मिळवा. ज्यू पाठशाळांत दोघे समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात आणि एकमेकांचे म्हणणे खोडतात, त्याला ‘हावरुता’ म्हणतात. फोनवरही हे चालते. माझा जोडीदार माझ्या जवळपास प्रत्येक अर्थाला ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारतो; राग येतो, पण वही त्यामुळेच भरते.

अब्राहामानंतर उत्पत्ती ४:८ घ्या. ‘काइन आपला भाऊ हाबेल ह्याला म्हणाला’, आणि हिब्रू मजकुरात पुढे बोलणेच नाही. पुढचे वाक्य थेट शेतात आणि खुनावर जाते. काही भाषांतरांत ‘चल, आपण शेतात जाऊ’ असे शब्द दिसतील. ते प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी या वेगळ्या पंथाच्या तोरात आहेत, मासोरेतांच्या प्रतीत नाहीत. जुन्या रब्बींनी तिथे जमिनीच्या वाटणीचे भांडण घातले. ते उघडण्यापूर्वी वहीत दोन ओळी मोकळ्या सोडा आणि काइन काय म्हणाला असेल ते आधी तुम्ही लिहा.